बाबांचा रिव्हर्स गिअर

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

पुण्यात ज्याने म्हणून गाडी चालवली आहे, त्याला हे पाठ असतं. तुम्ही रिव्हर्स टाकलात की कुठून तरी एक हितचिंतक उगवतोच. कधी वॉचमन, कधी टपरीवाला, कधी नुसताच उभा असलेला माणूस. आणि 'बास' म्हणजे डिक्कीवर सणसणीत थाप.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत हे 'बास' जरा जास्तच जोरात आलं. रात्रीचे नऊ, बाहेर पाऊस. बाबा पार्किंगमध्ये गाडी मागे घेत होते आणि मी शेजारच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वॉचमनकाका ओरडले, बाबांनी करकचून ब्रेक दाबला. उतरून बघतो तर बंपरपासून जेमतेम हातभर अंतरावर तिसऱ्या मजल्यावरच्या पिल्लूची तीनचाकी सायकल. आणि सायकलवर खुद्द पिल्लू!

त्याला काही झालं नाही. तो घंटी वाजवत निघूनही गेला. बाबा मात्र तिथेच उभे. मग किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "डोळे गेले गं माझे. आजपासून रात्रीची गाडी बंद."

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण नाही. बालगंधर्वला नाटक होतं, "नको, तुम्ही दोघी रिक्षाने जा." भाचीचं रिसेप्शन, "दुपारी घरी जाऊन भेटून येऊ." आयुष्यभर स्टेअरिंगमागे रुबाबात बसलेला माणूस सातच्या बातम्यांपुढे गुपचूप बसायला लागला. आई काही बोलली नाही, पण तिने नाटकाची तिकिटं शेजारच्या काकूंना देऊन टाकली.

एका रात्री मीच गाडी काढली. रिव्हर्स टाकला, मागे वळून पाहिलं आणि गार झाले. मलाही काही दिसत नव्हतं! माझे डोळे तिशीतले, नंबर शून्य. खाली उतरून मागे गेले, तर ते दोन दिवे देवघरातल्या निरांजनासारखे मिणमिणत होते. जमिनीवर उजेड म्हणून पडतच नव्हता.

आता आमच्या गाडीबद्दल. जन्म 2003. पंधरा वर्षं भरल्यावर 2018 मध्ये आणि नंतर 2023 मध्ये परत पासिंग करून घेतलं, म्हणजे कागदोपत्री ती 2028 पर्यंत तरुण आहे. नव्या गाड्यांना 1 जुलै 2019 पासून रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. कॅमेराही आता बऱ्याच गाड्यांत असतो. आमच्या गाडीचा सेन्सर म्हणजे वॉचमनकाका.

मग मी तेच केलं जे आपली पिढी करते. ऑनलाइन गेले आणि 'सुपर ब्राइट' असं लिहिलेले सगळ्यात स्वस्त एलईडी मागवले. लावल्यावर काय झक्कास दिसले! पण मागे उभं राहून बघणाऱ्यालाच. गाडीत बसल्यावर अंधार तसाच. नंतर कळलं त्याचं कारण. दिव्यामागचा चकचकीत रिफ्लेक्टर हा तारेच्या बल्बसाठी बेतलेला असतो. बल्बची तार सगळीकडे उजेड फेकते आणि रिफ्लेक्टर तो गोळा करून हवा तिकडे पाठवतो. माझे स्वस्त एलईडी फक्त नाकासमोर बघत होते. रिफ्लेक्टर बिचारा बेकार!

शेवटी रविवारी गाडी घेऊन नाना पेठ गाठली. तिथल्या एका वायरमनकाकांना मी थेट ऑर्डरच सोडली, "काका, डबल पॉवरचा बल्ब टाका. नाहीतर मागे एक मोठा हॅलोजन लावून द्या."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, आधी बल्बला पोटभर जेवायला मिळतंय का ते तर बघू."

आणि पुढच्या तासाभरात मला जे ज्ञान मिळालं, ते तुम्हाला फुकट देतेय. तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे बाबांची जुनी गाडी असणार, म्हणून.

काकांनी जुने बल्ब परत लावले. इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये. मग मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर 10.4. म्हणजे 2.2 व्होल्ट वाटेतच गायब! हे बल्ब पेटलेला असतानाच मोजायचं बरं का. बल्ब काढून मोजलात तर करंट वाहत नाही, मीटर सगळं छान छान दाखवतो आणि आपण फसतो.

"दोन व्होल्टनी एवढा काय फरक पडतो?" मी विचारलं. पडतो, मंडळी. तारेच्या बल्बला व्होल्टेज थोडं कमी पडलं की उजेड धाडकन पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड तीस टक्के कमी. आमच्या हिशेबात तो जवळजवळ निम्मा झाला होता. उरलेल्या निम्म्यातला काही बल्बची काळवंडलेली काच खात होती, काही धुरकटलेलं प्लॅस्टिक.

डबल पॉवरच्या बल्बला काकांनी साफ नकार दिला. जुन्या गाड्यांत बहुतेक 21 वॅटचा बल्ब असतो आणि होल्डर, काच, वायर सगळं तेवढ्याच उष्णतेसाठी बनवलेलं. जास्त वॅटचा टाकला की प्लॅस्टिक वितळतं. दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट घेतात. त्याच वायरवर 55 वॅटचा हॅलोजन जोडला तर आणखी साडेचार अँपिअर वाढले. गिअरबॉक्सवरच्या छोट्याशा रिव्हर्स स्विचचे पॉइंट त्याने जळतात. लावायचाच तर रिले आणि वेगळा फ्यूज हवा, आणि तो फक्त रिव्हर्समध्येच लागला पाहिजे. शिवाय मागच्या माणसाच्या डोळ्यांचं काय, हे वेगळंच.

मग सुरू झाली चोराची शोधाशोध. पहिला चोर लगेच सापडला. होल्डरची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला स्क्रूने कसलेली असते, तिथे गंज. पॉलिशपेपरने घासून पत्रा उघडा केला, स्क्रू नवा टाकला. 0.7 व्होल्ट परत आले.

दुसरा चोर डिक्कीच्या कार्पेटखाली होता. रिव्हर्स लाइटच्या वायरला मध्येच कुणीतरी कापून पीळ मारलेला, वर इन्सुलेशन टेप, टेपचा गोंद वितळून चिकट झालेला आणि आत तांब्यावर हिरवी बुरशी. 1.2 व्होल्ट एकट्या या जॉइंटने खाल्ले होते.

"इथे म्युझिकल हॉर्न होता का हो ताई?" काकांनी विचारलं.

मी एकदम गप्प. होता ना! आठवतंय? गाडी मागे घेताना गाणं वाजायचं ते? 2003 मध्ये मी आठ वर्षांची होते. शेजारच्यांच्या गाडीला आहे, मग आपल्याला का नाही, म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. बाबांना त्या आवाजाचा मनस्वी तिटकारा. तरी बसवून आणला. पुढे तो बिघडला, काढून टाकला, पण त्याच्यासाठी मारलेला पीळ तसाच राहिला. वीस वर्षं गंजत. बाबा आपल्या डोळ्यांना दोष देत बसले होते आणि चोर निघाले मी!

काकांनी जॉइंट कापला, नीट सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. दोन्ही बल्ब नवे टाकले, तेच 21 वॅटचे. लाइटची काच काढून साबणाच्या पाण्याने धुतली. पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, प्लॅस्टिकला तडे जातात. रिफ्लेक्टर मऊ कापसाने नुसता टिपला, कारण घासला तर चकाकीच निघून येते. परत मोजलं, होल्डरवर 12.3. एकूण बिल 350 रुपये. माझे एलईडी त्याहून महाग होते.

जाता जाता काकांनी मागच्या काचेवरची जुनी, जांभळी पडलेली फिल्मही खरवडून काढली. "एवढा उजेड केला, तो आत तर येऊ दे!"

आता खरं सांगायचं तर सगळा दोष दिव्याचा नव्हता. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, चष्म्याचा नंबर बदलला. आणि कितीही उजेड असला तरी काचेच्या खाली, बंपरला चिकटून बसलेलं पिल्लू आरशात दिसत नाही. म्हणून बाबा आता बसण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा घालतात. आई म्हणते, आधी देवाला तरी घालायचे का?

परवा आम्ही तिघं नाटकाला गेलो. बालगंधर्वच्या पार्किंगमध्ये बाबांनी रिव्हर्स टाकला. मागची भिंत, झाडाची कुंडी, एक झोपलेलं कुत्रं, सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि आलाच एक हितचिंतक. "येऊ द्या, येऊ द्या..."

बाबांनी काच खाली केली. "दिसतंय हो मला!"

मी आरशात बघत हॉर्नची गोष्ट कबूल करून टाकली. बाबा हसले. गाडी बंद करून म्हणाले, "वाजायचा मात्र छान. परत लावायचा का?"