तसबिरीला हार आणि राणीला हशा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने नाट्यपदांचा कार्यक्रम केला. बालगंधर्वांच्या तसबिरीला हार घातला गेला. वक्त्यांनी गहिवरून त्यांच्या भामिनीचे आणि सिंधूचे गुणगान केले. पुढे चहाच्या वेळी कोणीतरी राणी कोहिनूर यांचा विषय काढला आणि घटकेपूर्वी गहिवरलेली तीच मंडळी खो खो हसू लागली. एका वरिष्ठ गृहस्थांनी तर 'असली थेरं आमच्या वेळी नव्हती' असा निकालही देऊन टाकला. आम्ही पडलो कारकून. वरिष्ठांच्या शेऱ्यावर तिथल्या तिथे उलट शेरा मारण्याची आम्हांस सवय नाही. म्हणून हे लेखी टिपण.

प्रथम ते विधान दप्तराशी ताडून पाहू. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) यांनी 1911 साली 'मानापमाना'त भामिनी, 1916 साली 'स्वयंवरा'त रुक्मिणी आणि 1919 साली 'एकच प्याल्या'त सिंधू उभी केली. कुलीन स्त्रिया त्यांच्या लुगड्याची, केशरचनेची नक्कल करीत. 1955 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1964 साली पद्मभूषण. म्हणजे पुरुषदेहाने स्त्रीवेष घेऊन गाणे ही 'थेरं' त्या वेळी होती, आणि सरकारने त्यांचा गौरवही केला होता.

आता दुसरे दप्तर. मुंबईच्या सुशांत दिवगीकर यांनी 2014 साली 'मिस्टर गे इंडिया' हा किताब मिळविला आणि त्याच वर्षी 'बिग बॉस'च्या आठव्या पर्वात प्रवेश केला. 2018 साली ते राणी कोहिनूर या नावाने व वेषाने झी टीव्हीच्या 'सा रे ग म प'च्या मंचावर आले, आणि एकाच गळ्यातून पुरुषाचा व स्त्रीचा असे दोन्ही आवाज त्यांनी काढून दाखविले. 2021 साली पॅरामाउंट प्लसवरील 'क्वीन ऑफ द युनिव्हर्स' या गानस्पर्धेत निरनिराळ्या देशांतील स्त्रीवेषधारी गायकांबरोबर त्या उतरल्या. विजेतेपद ब्राझीलच्या ग्रॅग क्वीनला मिळाले. पुढे त्यांनी आपली ओळख पारलिंगी व्यक्ती म्हणून जाहीर केली. राणींचे गाणे बालगंधर्वांच्या तोडीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. गाणे न आवडल्यास तसे खुशाल सांगावे. पण त्या दिवशी जे हसले, त्यांपैकी एकानेही ते गाणे ऐकले नव्हते.

यावर आक्षेप येतो तो असा: बालगंधर्व रंग उतरला की पुरुष होते, इथे तसे नाही. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. तो खरा मानला, तर आपली भक्ती कलेवर नव्हती. नट रात्री धोतर नेसून घरी जातो, या हमीवर होती. आणि त्या हमीने तरी कोणाची अब्रू राखली? गणपत पाटील यांनी तमाशापटांतून वर्षानुवर्षे 'नाच्या' रंगविला. घरी ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. तरी लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या उंबरठ्यापर्यंत नेला आणि त्यांच्या कुटुंबालाही टोमणे ऐकावे लागले. भूमिकेला टाळी द्यायची आणि माणसाला शिवी, ही आपली रीत दूरचित्रवाणीच्या किती तरी आधीची आहे.

तथापि दूरचित्रवाणीचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. असल्या स्पर्धांत गाण्याआधी स्पर्धकाचे दुःख दाखविण्याची प्रथा पडली आहे. आईचे अश्रू, शाळेतील छळ, शेजाऱ्यांची कुजबूज हे सारे आधी, षड्ज मागाहून. गंधर्व नाटक मंडळीचा प्रेक्षक पदाला 'वन्स मोअर' देई. आजचा प्रेक्षक हुंदक्याला देतो. जो वेगळा आहे त्याला मंचावर बोलवावे, त्याच्या वेगळेपणाचा मसाला करावा आणि पर्व संपले की विसरून जावे, यास औदार्य म्हणत नाहीत.

अमेरिकेत 2009 साली 'रूपॉल्स ड्रॅग रेस' सुरू झाली. तीही बाजारपेठच, भांडणे आणि अश्रू तिथेही विकले जातात. पण तिथे स्पर्धकाला वेष शिवावा लागतो, नक्कल करावी लागते, विनोद साधावा लागतो. कसब तपासले जाते. 2013 साली तिथे जिंकलेल्या जिंक्स मॉन्सून यांनी 2023 साली ब्रॉडवेवर 'शिकागो' या संगीतिकेत मेट्रन मामा मॉर्टन रंगविली. दूरचित्रवाणीने दार उघडले आणि रंगभूमीने आत घेतले. आमचा खरा प्रश्न इथे आहे. ज्या मराठी रंगभूमीने स्त्रीपार्टी नटांच्या खांद्यावर आपले वैभवाचे दिवस उभारले, तिने अशा कलावंताला पूर्ण लांबीची, हशासाठी नसलेली भूमिका देऊ नये काय?

आम्ही कागद हाताळणारी माणसे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. कित्येक अर्जांवर तिसरा रकाना आला. पण रकाना छापल्याने टेबलापलीकडची नजर बदलत नाही, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? परप्रांती बदलीवर आलेल्या आपल्या बोलण्याला, जेवणाला, नावाच्या उच्चाराला लोक हसतात, तेव्हा ते कसे झोंबते हे आपण जाणतो. तेच हसू आपण दुसऱ्याच्या वाट्याला का द्यावे?

पुढील गणेशोत्सवात तसबिरीला हार पुन्हा घातला जाईल, जरूर घालावा. मात्र तो घालणाऱ्याने चहाच्या वेळी आपले हसू आवरावे. ते जमत नसेल, तर हार दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा.