शब्द हळू, स्फोट मोठे

रात्रीची जेवणे आटोपून कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसले, की रिमोटवरून धुसफुस सुरू होते. पात्रे कुजबुजतात तेव्हा आजोबा आवाज वाढवायला सांगतात. लगेच स्फोट होतो आणि आतल्या खोलीत अभ्यास करणारी नात दार लावून घेते. आमच्या कॅम्पात दहानंतर रस्ते इतके शांत असतात, की तो स्फोट शेजारच्या बंगल्यातही पोहोचतो. दोष मात्र आजोबांच्या कानांना दिला जातो. मला हा निवाडा एकतर्फी वाटतो.

चित्रपटगृहासाठी ध्वनिमिश्रण करताना प्रत्येक वाहिनी ८५ डेसिबल या संदर्भपातळीला जुळवतात आणि तिच्यावर आणखी २० डेसिबलची मुभा ठेवतात. बंदिस्त, निःशब्द सभागृहात ही तफावत शोभून दिसते. दिवाणखान्यात पंखा फिरत असतो, स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात. आवाज सोसवेल इतका खाली आणला, की संवाद त्यात बुडतात. त्यातच सपाट संचांचे ध्वनिक्षेपक बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले!

आता कानाकडे वळू. वयोमानाने उच्च वारंवारतेचे श्रवण आधी घटते. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखी क्षीण व्यंजने निसटतात. म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार. शिवाय आपण ज्याला रिक्रूटमेंट म्हणतो त्यामुळे हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसवतही नाही. अशा कानासाठी सरसकट आवाज वाढवणे हा उपचार नव्हे.

उपचार आहे तो ही तफावत आवळण्याचा. बऱ्याच संचांत ‘नाईट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ अशा नावांनी तो दडलेला असतो: मोठे आवाज दाबले जातात, हळू आवाज वर येतात. संगणकावरील व्हीएलसीमध्येही कॉम्प्रेसर आहे. वेगळी ५.१ यंत्रणा असल्यास मधला ध्वनिक्षेपक तीन-चार डेसिबलने वाढवावा, कारण संवाद मुख्यतः तेथूनच येतात. यंत्रणा नसल्यास ध्वनी स्टिरिओवर ठेवून पाहावा.

रसिक म्हणतील, दिग्दर्शकाने योजलेला परिणाम यात उणावतो. उणावतो खरा. पण आधुनिक श्रवणयंत्रेही हेच आवळण्याचे काम करतात, आणि ती लिहून देताना आपण कलेची चिंता करीत नाही! आजोबा कंटाळून खोलीत निघून जाण्यापेक्षा स्फोट थोडा मवाळ झालेला मला चालेल.

मात्र एवढ्यावर कानाची तपासणी टाळू नये. साठीपुढील रुग्णाला ‘ऐकू नीट येते ना?’ असे विचारले, की तो हमखास होकार देतो. त्याऐवजी ‘टीव्हीवरचे संवाद कळतात का?’ असे विचारावे, आणि सोबत आलेल्या सूनबाईंकडेही पाहावे. ऑडिओग्राम कोणाला सांगायचा, हे पुष्कळदा त्यांच्या चेहऱ्यावरच कळते.