मावशींची हजेरी

माझ्या प्रकृतीच्या कुरबुरींना वाचक एव्हाना विटले असतील. तथापि गेल्या आठवड्यात अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनिमित्त एका रुग्णालयात चार दिवस मुक्काम पडला असता खाटेवरून जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

समोरच्या दालनात एका दुपारी कर्मचाऱ्यांना जैववैद्यकीय कचऱ्याची तालीम देण्यात येत होती. २०१६ च्या नियमांनी रक्ताळलेले बोळे पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात, अशी वाटणी केली असून, नोकरीवर रुजू होताना आणि पुढे दरसाल कर्मचाऱ्यांस ही तालीम मिळावी, असा हुकूम आहे.

हुकमाची तामिली यथासांग झाली. परिचारिका, तंत्रज्ञ, फार काय, हिशेबनीसही पडद्यासमोर बसले. मात्र त्या पिशव्या प्रत्यक्ष उचलून नेणाऱ्या मावशींना, वर्गास आरंभ होताच, चहा आणण्यास पाठवण्यात आले. त्या किटली घेऊन परतल्या तो वर्ग आटोपला होता. मग हजेरीपत्रकावर त्यांची सही घेण्यात आली आणि दप्तरी त्या प्रशिक्षित झाल्या.

"पिशवीत सुई टाकतात ते, आणि टोचते मला," मावशी नंतर मला म्हणाल्या. "टोचली तेव्हाच माझी तालीम झाली, आजोबा."

हे 'आजोबा' मला मुळीच रुचले नाही. मावशींहून मी फार तर दहा वर्षांनी वडील असेन. पण रुग्णालयात सारेच सगेसोयरे: उचलाउचल करणारे ते मामा, झाडलोट करणाऱ्या त्या मावशी. ज्या भाषेत 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण आहे, तिथे हे नाते लावले की बोट टोचल्याची विचारपूस करण्याचे कारण उरत नाही, आणि नावही विचारावे लागत नाही. मीही तीन दिवस त्यांच्याकडून पाणी मागून घेत होतो. नाव विचारले नव्हते.

निघण्याच्या दिवशी, हातातली सुई काढल्यावर दाबून धरलेला बोळा मी बिनदिक्कत मोसंबीच्या सालींत टाकला. मावशींनी तो चिमट्याने उचलून पिवळ्या पिशवीत टाकला.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "वर्ग तर तुम्ही पुरता ऐकलात ना?"