दत्तक व्यक्तींना जन्माच्या नोंदी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : दत्तक गेलेल्या व्यक्तींच्या जन्म व प्रवेश नोंदींचे जतन करणे आणि मूळ शोधाच्या अर्जांवर मुदतीत कार्यवाही होणे याबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे, महाराष्ट्रातील शिशुगृहांतून दत्तक गेलेल्या प्रौढ व्यक्ती आणि काही दत्तक पालक आहोत. आमच्यापैकी काहीजण याच राज्यात वाढले, काही युरोपात. ज्या घरांनी आम्हाला वाढवले त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे मागणे आमच्या जन्माच्या कागदांपुरते आहे.

कायद्याने वाट दिलेली आहे. दत्तक विनियम, २०२२ नुसार १८ वर्षांवरील दत्तक व्यक्ती मूळ शोधासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, स्वतः अर्ज करू शकते. जन्मदात्या पालकांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोडले गेले हे अर्जदाराला सांगायचे आहे. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. मुलाच्या जन्मदात्यांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास जपून ठेवण्याची जबाबदारी या कराराने शासनावर टाकली आहे.

घोडे अडते ते कपाटापाशी. शिशुगृहाच्या प्रवेश नोंदवहीत प्रत्येक बाळाची एक ओळ असते : आल्याची तारीख, वजन, कोणी आणून दिले, आईचे नाव, गाव. सोबत सरेंडर डीड, रुग्णालयाचा केस पेपर, आणि बेवारस सापडलेल्या बाळाच्या बाबतीत पोलीस ठाण्यातील नोंद. आईचे नाव कधी खोटे असते, कधी तो रकाना कोराच असतो. तरीही बाळ कोणत्या प्रसूतिगृहातून आले किंवा कोणत्या स्थानकावर सापडले, याचा माग त्या एका ओळीतूनच लागतो. वहीला वाळवी लागली किंवा संस्था बंद पडताना ती रद्दीत गेली, की शोध तिथेच संपतो. आमच्यापैकी अनेकांना ‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘ते गोपनीय आहे’ असे तोंडी सांगून परत पाठवले गेले. तेच लेखी द्या म्हटले, तर तेही मिळाले नाही.

जुन्या प्रकरणांत गुंता अधिक आहे. पूर्वी परदेशी दांपत्यांना पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली येथील न्यायालय पालकत्व देई आणि दत्तकविधान त्यांच्या देशात होई. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात या व्यवहाराला शिस्त लावली. पालकत्व इथे आणि दत्तकविधान तिकडे झाल्याने अशा मुलांचे कागद संस्था, न्यायालय आणि परदेशी मध्यस्थ यांच्यात विखुरले आहेत. स्वित्झर्लंडमधील झुरिक व थुरगाव या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून झालेल्या दत्तकांचा अभ्यास करून घेतला, तेव्हा तिकडच्या फाइलींत जन्मदात्या आईच्या संमतीचा कागदच मिळाला नाही. तो कुठे असेल तर इथेच असेल.

जन्मदात्या आईची गोपनीयता जपली जावी, ही आमचीही अट आहे. तिच्यावर काय गुदरले हे तिच्या आजच्या घरात कोणाला ठाऊकही नसेल. आम्ही तिचा पत्ता हातात मागत नाही. तिला जपून विचारले जावे, एवढेच मागतो. आमच्या अनुभवात तिला न विचारताच तिच्या वतीने नकार दिला जातो.

याच पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवले आणि तिथे जन्मलेला यशवंत दत्तक घेतला. त्याच्या जन्मदात्रीचे नाव काशीबाई, हे आज सर्वांना माहीत आहे. त्यामुळे यशवंताचे फुले असणे तसूभरही कमी झाले नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. राज्यातील चालू व बंद पडलेल्या सर्व दत्तक संस्थांच्या प्रवेश नोंदवह्या व फाइलींची सूची करावी, त्या स्कॅन कराव्यात आणि नष्ट करण्यास लेखी मनाई करावी. बंद संस्थांचे दप्तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ताब्यात घ्यावे.

२. प्रत्येक अर्जाची पोच द्यावी आणि ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नकार असल्यास कारण नमूद करावे व अपिलाची सोय असावी.

३. कोणाची ओळख उघड होणार नाही अशी माहिती, म्हणजे जन्मस्थळ, वजन, आजार, मूल सोडण्याचे कारण, अर्जदाराला विनाविलंब द्यावी.

४. आईशी संपर्क केवळ प्रशिक्षित महिला समुपदेशकाने, घरी पत्र न पाठवता किंवा फोन न करता साधावा. तिचा होकार किंवा नकार नोंदवून ठेवावा. एखाद्या आईला स्वतःहून निरोप ठेवायचा असेल, तर तशी सोय करावी.

५. विनियमांनी त्रयस्थामार्फत शोधाला मनाई केली आहे. परदेशातील अर्जदाराचा अधिकृत मुखत्यार त्रयस्थ मानू नये, असे स्पष्टीकरण ‘कारा’कडून मिळवावे.

६. न्यायालयांतील जुन्या पालकत्व प्रकरणांच्या फाइली अर्जदाराला पाहता याव्यात, यासाठी मा. उच्च न्यायालय प्रशासनाशी पत्रव्यवहार करावा.

यांतील पहिली मागणी सर्वांत निकडीची आहे. बाकीच्या उशिरा मान्य झाल्या तरी चालतील, पण नष्ट झालेली वही कोणत्याही आदेशाने परत येत नाही. तरी या निवेदनावर चर्चेसाठी वेळ द्यावा आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : सदस्य सचिव, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, नवी दिल्ली