पाय हलला म्हणून काय झालं?

जॅझच्या दर्दी मंडळींचा एक दंडक आहे. ऐकताना भुवई हलली तर चालते, पाय हलता कामा नये. पाय हलला की संगीत बाटलं! त्यामुळे जिमी स्मिथच्या ऑर्गनचं नाव काढलं की ही मंडळी नाक मुरडतात. "छे हो, ती पायपेटी!"

संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी माणसाने पायपेटीला नावं ठेवावीत हे आधीच कृतघ्नपणाचं. पण ते असो. पायपेटीत पाय नुसता वारा घालतात. स्मिथच्या हॅमंड ऑर्गनमध्ये पायही वाजवतात! डावा हात खर्जातली चाल धरतो, डावा पाय तिला ठोका देतो, उजवा हात वर मोकाट सुटलेला आणि उजवा पाय आवाज लहानमोठा करतोय. १९५६ साली ब्लू नोट कंपनीने काढलेल्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर साथीला गिटार आणि ड्रम एवढेच. बासवाल्याला 'बास' म्हणून घरी पाठवलेलं. आमच्या बँकेत कुणी एकट्याने अशी तीन काउंटरं सांभाळली असती, तर साहेबांनी चौथं दिलं असतं.

आणि हे काही आपोआप आलेलं नाही. मूळचा हा पियानोवाला. वाइल्ड बिल डेव्हिसचा ऑर्गन ऐकला आणि पेटला. मग एका वखारीत वाद्य ठेवून वर्षभर रियाज, पायपट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावून. रेकॉर्डचं नाव 'अ न्यू साउंड, अ न्यू स्टार'. म्हणजे नवा आवाज, नवा तारा! आपल्याकडे म्हणाले असते, आधी पन्नाशी गाठ, मग बोल.

दुसरा आक्षेप, हे यंत्र आहे. आहेच! हॅमंडसाहेब घड्याळांचा कारखानदार. १९३५ साली त्याने हे वाद्य बाजारात आणलं आणि नळ्यांचा महागडा ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चांनी ते घेतलं. पट्टी दाबली की 'टक्' वाजायचं. इंजिनियर त्याला दोष म्हणत. जॅझवाल्यांनी त्या दोषालाच तालाला जुंपलं.

राहता राहिला पाय. चर्चमधला सूर आणि ब्लूजची ठसक एकत्र नांदवणाऱ्या या जॅझला पुढे 'सोल' म्हणजे आत्मा हे नाव पडलं. भजनात टाळकरी पाय आपटतो, तेव्हा त्याला कुणी उथळ म्हणतं का? मग इथेच सोवळं कशाला? या रेकॉर्डवर होरेस सिल्व्हरची 'द प्रीचर' आहे. ती लावा आणि पाय स्थिर ठेवून दाखवा. राहिलाच, तर डॉक्टरांना दाखवा.