कीड नोंदीची पोच: दुर्लक्षिलेला दुवा

कामगंध सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, आकडा मोबाइलवरील फॉर्ममध्ये भरायचा आणि ‘सादर करा’ हे बटण दाबायचे, हा क्रम कीड सर्वेक्षकांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच उमटले नाही तर? ‘नोंद झाली’ असे दिसत नाही आणि ‘नोंद झाली नाही’ असेही दिसत नाही. अशा वेळी कोणी पुन्हा बटण दाबतो, तर कोणी नोंद पोहोचली असे गृहीत धरून पुढच्या शेताकडे वळतो. दोघांचेही वागणे स्वाभाविक आहे. दोष फॉर्मचा आहे.

हा दोष किरकोळ मानला जातो, आणि तिथेच चूक होते. सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी ८ पतंग ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. समजा, पाच सापळ्यांत एका रात्री ४, ४, ४, ४ आणि १४ पतंग सापडले. सरासरी ६ येते, म्हणजे पातळीच्या खाली. पोच न दिसल्याने शेवटची नोंद तीनदा गेली, तर सात नोंदींची सरासरी सुमारे ८.३ होते. तीच नोंद पोहोचलीच नाही, तर सरासरी ४ वर येते. शेत तेच, पतंगही तेवढेच. तरीही सलग तीन रात्री असे घडल्यास एकीकडे अनावश्यक फवारणीचा सल्ला जाईल आणि दुसरीकडे वाढता प्रादुर्भाव नजरेआड होईल.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. पूर्वी फॉर्म सादर केला की संपूर्ण पान नव्याने येई आणि संदेशही त्याबरोबर येई. आता पान जागेवरच राहते. पार्श्वभूमीवर सर्व्हरशी देवाणघेवाण होऊन आवश्यक तेवढाच भाग बदलतो. २००५ साली या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. मंद नेटवर्कवर ती उपयुक्त ठरते. मात्र संदेश दाखवण्याची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

त्याची कारणे बहुधा ठरावीक असतात. संदेशाची जागा पानाच्या न बदलणाऱ्या भागात राहिलेली असते. किंवा संदेश सर्व्हरवर पुढील पूर्ण पानासाठी राखून ठेवला जातो. मग आजच्या नोंदीची पोच दुसऱ्याच पानावर अवचित प्रकटते. कधी संदेश उमटतो, पण लगेच होणाऱ्या दुसऱ्या बदलात पुसला जातो. चौथे कारण अधिक घातक आहे: सर्व्हरने चूक कळवली तरी तिचा अर्थ लावणारी आज्ञाच लिहिलेली नसते. ब्राउझरच्या ‘फेच’ सुविधेत ५०० क्रमांकाचे त्रुटीचे उत्तरही ‘उत्तर मिळाले’ असेच धरले जाते; ते यशाचे की अपयशाचे, हे वेगळे तपासावे लागते.

शोधाचा क्रमही सरळ आहे. प्रथम सर्व्हरवर नोंद झाली का, ते पाहावे. नंतर ब्राउझरच्या ‘नेटवर्क’ विभागात उत्तर आले का आणि त्यात संदेश होता का, हे तपासावे. संदेश आला असूनही दिसत नसेल, तर दोष पानाच्या मांडणीत आहे. आलाच नसेल, तर सर्व्हरकडे पाहावे. ही चाचणी मुद्दाम मंद केलेल्या आणि मध्येच तोडलेल्या नेटवर्कवर झाली पाहिजे. कार्यालयातील वेगवान जोडणीवर उत्तीर्ण झालेला फॉर्म बांधावरही उत्तीर्ण होईल, याची शाश्वती नसते.

म्हणूनच पोच हा सजावटीचा भाग नसून नोंदीचाच भाग मानला जावा. ‘फोनमध्ये साठवली’ आणि ‘सर्व्हरवर पोहोचली’ या दोन अवस्था वेगळ्या शब्दांत दिसाव्यात. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक मिळावा, म्हणजे बटण तीनदा दाबले तरी सर्व्हर ती एकदाच मोजेल. उत्तर येईपर्यंत बटण निष्क्रिय राहावे आणि ठरावीक वेळेत उत्तर न आल्यास तसे स्पष्ट सांगावे. संदेश सर्वेक्षकाच्या भाषेत असावा.

विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी यांचा वाटाही महत्त्वाचा आहे. पोच न दिसल्यास पुन्हा बटण दाबण्यापूर्वी आधीच्या नोंदींची यादी पाहावी. वेळ, ठिकाण, नेटवर्कची स्थिति आणि पडद्याचे छायाचित्र तांत्रिक विभागाकडे पाठवावे. ‘अ‍ॅप चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘बटण दाबले, नोंद झाली, पोच आली नाही’ ही तक्रार दोषाच्या मुळाशी लवकर नेते. भल्या पहाटे शेतात जाऊन मोजलेला प्रत्येक पतंग एकदाच आणि निश्चितपणे मोजला जावा, एवढी हमी त्या श्रमांना मिळालीच पाहिजे.