ब्राउझर माफ करतो म्हणून...

औंढा नागनाथला गेलाय का कधी? आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं ज्योतिर्लिंग. तिथला गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून आत जायचं आणि त्याच वाटेनं वर यायचं. मागच्या खेपेला आईला घेऊन गेलो तेव्हा खाली बरीच गर्दी झाली. सगळ्यात आधी उतरलेले एक आजोबा म्हणायला लागले, "आम्ही आधी आलो, आम्हाला आधी जाऊ द्या." पण पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होतो आम्ही, सगळ्यात शेवटी उतरलेले. आम्ही हलल्याशिवाय आजोबा निघणार कसे?

देवासमोर उभा राहून मला स्टॅक आठवला. (आईला सांगितलं नाही :) )

एचटीएमएलच्या टॅगांचंही असंच आहे. शेवटी उघडलेला टॅग आधी बंद झाला पाहिजे. बोल्डच्या आत इटॅलिक उघडलं, तर आधी इटॅलिक बंद, मग बोल्ड. नुसती मोजदाद करून भागत नाही. दोन उघडले, दोन बंद झाले, हिशेब जुळला, पण क्रम चुकला तर मार्कअप चूकच. म्हणून तपासायची रीत अशी: उघडणारा टॅग दिसला की उतरंडीवर ठेवायचा. बंद करणारा दिसला की सगळ्यात वरचा काढून नाव जुळतंय का बघायचं. फाईल संपली की उतरंड रिकामी पाहिजे. 'इमेज', 'इनपुट' असे टॅग बंद करायचेच नसतात, ते वगळायचे. वीसेक ओळींचा प्रोग्राम होतो. इंटरव्ह्यूत विचारतात तोच.

२०१४ साली मी असा प्रोग्राम लिहिला आणि त्याच्यावर फार विसंबलो. आमच्या भागातल्या एका संस्थेला मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज हवा होता. गावाकडचं काम, मी हौसेनं करून दिलं. अर्जात मध्येच बँकेचा आयएफएससी कोड शोधायची एक छोटी चौकट टाकली. ती वेगळा फॉर्म म्हणून लिहिलेली होती, तशीच उचलून मोठ्या फॉर्मच्या आत ठेवली. खाते क्रमांकाचा रकाना तिच्या खाली. माझा प्रोग्राम म्हणाला, सगळं ठीक. बरोबरच होतं की! प्रत्येक टॅग उघडला होता, योग्य क्रमानं बंद झाला होता.

पण एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालतच नाही. ब्राउझर आतल्या फॉर्मची सुरुवात गुपचूप गाळतो. आतला फॉर्म बंद करणारा टॅग मात्र गाळत नाही, त्यानं बाहेरचा फॉर्म बंद करतो. म्हणजे खाते क्रमांकाचा रकाना पडद्यावर दिसतोय, मुली तो भरतायत, आणि तो कुठल्याच फॉर्मचा नाही. 'पाठवा' बटण मी जावास्क्रिप्टनं चालवलं होतं, त्यामुळे अर्ज जात होता. फक्त खाते क्रमांकाशिवाय. सर्व्हरवरही तो रकाना सक्तीचा करायला मी विसरलो होतो.

सेनगाव, कळमनुरीकडच्या मुली हिंगोलीच्या कॅफेत येऊन, पैसे मोजून अर्ज भरत होत्या. त्यांना निरोप गेले, "तुम्ही खाते क्रमांक भरलेला नाही, पुन्हा या." एका वडिलांचा मला फोन आला. "साहेब, पोरगी म्हणतीय नंबर भरला होता. हितं म्हणतात भरलाच नाही. मी तिला लई बोललो. आता तुम्हीच सांगा, खरं कोण?"

खरं ती बोलत होती. त्यांना तसं सांगितलं, पण बोलणी तिनं आधीच खाल्ली होती.

मी ते पान तीन ब्राउझरमध्ये तपासलं होतं, आणि तिन्हीत एकसारखंच दिसलं होतं. दिसणारच. चुकलेलं मार्कअप कसं दुरुस्त करायचं हे एचटीएमएल-५ नं नियमात बांधून दिलंय. सगळे ब्राउझर ते एकाच पद्धतीनं सावरतात. सावरून जे उभं राहतं ते नियमात बसतं, पण तुमच्या मनात तेच होतं याची हमी कोणी देत नाही.

याच्या उलट टोकही आपण बघितलंय. २००० साली एक्सएचटीएमएल आलं. त्याचा कडक नियम, एक टॅग चुकला की पानाच्या जागी एरर. चूक लिहिणाऱ्याची आणि शिक्षा वाचणाऱ्याला! त्याची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये गुंडाळावी लागली, ते बरंच झालं.

काहीजण म्हणतील, आता तपासायचं कशाला? दिव्यांग वाचकांसाठीच्या वेब मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून टॅगांच्या नेस्टिंगची अट होती, तीसुद्धा २०२३ मध्ये काढली. खरंय. पण का काढली? स्क्रीन रीडर आता एचटीएमएल स्वतः वाचत नाहीत, ब्राउझरनं सावरलेलं घेतात. म्हणजे वाचणाऱ्याची एक अडचण सुटली. लिहिणाऱ्याची जबाबदारी तिथेच आहे.

माझं म्हणणं एवढंच. ब्राउझरनं माफ करावं, पण ती माफी वाचकासाठी आहे. आपण स्वतःला ती देऊ नये. पान बाहेर जाण्याआधी पूर्ण व्हॅलिडेटरमधून काढा, डब्ल्यूथ्रीसीचा फुकट आहे. उतरंडीचा प्रोग्राम फक्त क्रम बघतो. कोण कोणाच्या आत चालतं हे व्हॅलिडेटर बघतो. आणि रिॲक्टवाल्यांनो, 'हा टॅग त्या टॅगच्या आत येऊ शकत नाही' असा लाल इशारा कन्सोलमध्ये दिसतो ना? तो वर सरकवून पुढे जाऊ नका.

मी त्या पानात केलेली दुरुस्ती चार ओळींची होती. व्हॅलिडेटरनं ती चूक आधी सांगितली असती का, म्हणून जुनं पान त्यात टाकून बघितलं. त्यानं लगेच ओळ क्रमांकासकट दाखवली.

असो. चहा झाला, आता सोमवारच्या रिलीजचं पान तपासायला घेतो.